कोपऱ्याची उघडी बाजू

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शिरायचं तर कान घरी ठेवून यावं लागतं. एकीकडे करवत, एकीकडे ड्रिल, कुणी प्लायवर खिळे ठोकतंय, कुणी लाकडी घोड्यावर चढून खालच्याला शिव्या घालतंय, आणि फोनवरचा प्रत्येक माणूस "आवाज येत नाहीये" एवढंच ओरडतोय. जमिनीवर भुसा, वायरी, चहाचे कागदी कप. उद्या सकाळी इथे गालिचा असेल, दिवे लागलेले असतील आणि हीच माणसं इस्त्रीचे कपडे घालून हसत उभी असतील, यावर त्या दिवशी कुणाचाही विश्वास बसत नाही.

या गदारोळातून एक बाई शांतपणे चालत असे. मध्यम उंची, केस घट्ट बांधलेले, पायात कापडी बूट, कमरेला टेप, खिशात खडू. ती आली की करवत थोडी दबकून चाले. तोंडावर तिला सगळे मॅडम म्हणत आणि पाठ वळली की मापारीण. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं नावच तिला जास्त आवडायचं. घरी सासूबाई म्हणत, "हिला चहासुद्धा कपाच्या कडेपासून मोजून लागतो." त्यावर ती म्हणे, "बशीत सांडला की पुसायचा कुणी?"

तिचं काम सांगायला सोपं होतं. हॉलमधला प्रत्येक स्टॉल नियमात बसतो की नाही ते बघायचं, आणि बसत नसेल तर बसवायचा. नियम फार नव्हते. रांगेतल्या स्टॉलची बाजूची भिंत मागच्या अर्ध्या भागात आठ फूट चालेल, पण पुढच्या अर्ध्या भागात चार फुटांच्या वर काही न्यायचं नाही. जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीच्या पलीकडे, वाटेवर, वीतभरही सामान ठेवायचं नाही. भिंतीची जी बाजू दुसऱ्याला दिसते ती कच्ची सोडायची नाही. आणि कोपऱ्याच्या स्टॉलला दोन बाजू उघड्या मिळतात, त्या उघड्याच ठेवायच्या; तिथे चार फुटांच्या वर काही उभं करायचं नाही.

कागदावर वाचले की हे नियम कुणालाही जाचासारखे वाटतात. आपण जागेचं भाडं भरलं, मग आपल्या जागेत आपण कुतुबमिनार का बांधू नये? असं विचारणारा दर प्रदर्शनात एक तरी भेटेच. मापारीण त्याच्याशी वाद घालत नसे. ती त्याच्या उंच भिंतीवर बोटाने टकटक करून एवढंच म्हणे, "साहेब, हिच्या मागे कुणीतरी बसलंय."

तिला हे कळलं होतं ते नोकरीच्या पहिल्याच वर्षी. तेव्हा ती फक्त उभ्याने मोजत असे, आणि उंचीचा नियमही इतका कडक नव्हता. त्या प्रदर्शनात एका मोठ्या कंपनीने कपाटांची रांग अगदी पुढेपर्यंत आणली होती, आणि तिच्या आडोशाला एक बटणं बनवणारा म्हातारा बसला होता. शिंपल्याची, लाकडाची, शिंगाची, अशी सुरेख बटणं काळ्या मखमलीवर लावून तो सगळे दिवस एकटाच बसून राहिला. शेवटच्या दिवशी ती आवराआवर करायला तिथे गेली तेव्हा त्याने अदबीने विचारलं, "बाई, ते उद्घाटन का पुढे गेलं?"

तिला आधी हसू आलं, आणि मग तिथे उभं राहवेना. तेव्हापासून तिने आपली रीत पाडली. उभ्याने माप घेऊन झालं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी आणि प्रत्येक स्टॉलमध्ये, स्टॉलवाल्याच्याच खुर्चीवर, क्षणभर बसून बाहेर बघे. माणूस कितीही उत्साही असला तरी दुपारपर्यंत बसतोच, आणि बसलेल्या माणसाला ज्या वाटा दिसत नाहीत त्या वाटांवरून त्याच्याकडे कुणी येत नाही. सुतार लोक या फेरीला "मॅडमची बैठक" म्हणत. पुढे नवे अधिकारी आले, त्यांना ही बैठक वेळखाऊ वाटली, पण तक्रारी निम्म्याने कमी झाल्यावर त्यांनीही तोंडाला कुलूप लावलं.

ही नजर तिला कुणी दिली असेल तर तिच्या थोरल्या बहिणीने. आई लवकर गेली. वडील दिवसभर कामावर. ताई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. ताईचा हात चित्राचा. पाटीवर, भिंतीवर, दुधाच्या पातेल्याखालच्या राखेत, जिथे मिळेल तिथे ती रेघ ओढी. चित्रकलेच्या शाळेत तिला प्रवेशही मिळाला होता. पण घरात एकच जण शिकू शकत होता, तेव्हा ताई म्हणाली, "मला रेघ येते. हिला सरळ रेघ येते. सरळ रेघेला नोकरी मिळते." असं म्हणून तिने धाकटीला आरेखनाच्या कोर्सला घातलं आणि स्वतः दुकानांच्या पाट्या रंगवू लागली. पुढे तिचं लग्न शिड्या बनवणाऱ्या एका कारागिराशी झालं, आणि पाट्याही मागे पडल्या.

हे भाऊजी म्हणजे देवमाणूस, पण अबोल. घडीच्या शिड्या बनवत. एका हाताने उचलता येईल, एका झटक्यात उघडेल आणि वर चढलेला माणूस नाचला तरी हलणार नाही, अशी शिडी. गल्लीच्या आत एक छोटं वर्कशॉप, पुढे दुकान, दुकानात मागच्या भिंतीला टेकून भाऊजी बसलेले. येणारा येई, शिडी घेऊन जाई. आता मात्र शेजारच्या रस्त्यावर मोठं दुकान झालं होतं, तिथे बाहेरून आलेल्या चकचकीत शिड्या मिळत, आणि भाऊजींच्या गल्लीत वळणारे लोक कमी होत चालले होते.

"एकदा लोकांना दिसू तर द्या," ताई म्हणाली. "दिसल्यावर घेतील." आणि तिने नवऱ्याला प्रदर्शनात स्टॉल घ्यायला लावला. कोपऱ्याचा, मुख्य दाराच्या जवळचा. मापारणीने स्वतः त्याचा आराखडा काढून दिला. समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला भिंत, मागे उंच आणि पुढे बुटकी, जिन्यासारखी उतरत आलेली. तिच्यावर शिड्या टांगायच्या. उजवी बाजू मोकळी, कारण ती दाराकडची. त्या भिंतीवर ताईने चित्र रंगवायला घेतलं. इतक्या वर्षांनी. महिनाभर ती वर्कशॉपमध्ये कुणाला फिरकू देत नव्हती. धाकटीलाही नाही.

"मॅडम असशील तू हॉलमध्ये," ताई म्हणाली. "इथे मी सांगेन तेव्हा बघायचं."

आदल्या दिवशी सकाळी मापारणीने त्या टोकाला एक फेरी मारली तेव्हा भाऊजींचा टेम्पो आलेला नव्हता. समोर मिक्सर विकणाऱ्या कंपनीचा मॅनेजर मात्र हजर होता. त्याने वाटेवर झुकलेली कमान उभारली होती.

"काढावी लागेल," ती म्हणाली.

"मॅडम, कमान आहे. हवेत आहे. जमिनीला कुठे लागतेय?"

"तुमच्या शेजाऱ्याच्या डोक्यालाही लागत नाहीये, पण त्याच्या नावाची पट्टी झाकतेय."

कुरकुरत त्याने कमान कापली. मापारीण हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि दुपारपर्यंत तिकडेच अडकली. भाऊजींच्या स्टॉलची तिला काळजी नव्हती. आराखडा तिचा होता, माप तिचं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दुपारनंतर ती बैठक घेत घेत त्या टोकाला आली. कोपऱ्याच्या आधीच्या, म्हणजे भाऊजींच्या शेजारच्या स्टॉलमध्ये एक चाळणीवाले होते. पिठाच्या गिरण्यांना, रंगाच्या कारखान्यांना लागणाऱ्या बारीक जाळीच्या चाळण्या ते विणून घेत. वयस्कर, किडकिडीत, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. त्यांचं टेबल पिवळ्या पट्टीच्या चांगलं पुढे आलेलं होतं.

"काका, टेबल आत घ्या. पट्टी दिसतेय ना?"

"हो हो," ते गडबडीने उठले. "चुकलंच. घेतो."

ते एकट्याने टेबल मागे ओढू लागले. तिने दुसरं टोक धरलं. टेबल पट्टीच्या आत गेलं तसे ते जरासे हसले, पण ते हसू पुरतं उमटलं नाही. तिला वाटलं, आपण चार लोकांत बोललो म्हणून लागलं असेल. तिने आवाज खाली आणला.

"जरा बसू का तुमच्या खुर्चीत?"

"बसा की. तुमचीच खुर्ची."

ती बसली. समोर मिक्सरवाला. उजवीकडे लांबवर गालिच्याचे रोल. आता डावीकडे, हॉलमध्ये शिरणारी माणसं चालत येतात त्या दाराकडे तिने मान वळवली, आणि तिच्या तोंडून आपोआप "अगं बाई" निघालं.

कोपऱ्याच्या स्टॉलच्या पलीकडच्या कडेला एक मोठी भिंत उभी होती आणि तिच्यावर चित्र होतं. शिड्याच शिड्या. एका शिडीवर उभं राहून एक बाई दिवा बदलत होती, एकीवर दोन पोरं बसून पाय हलवत होती, एक रंगारी शेंड्यावर उभा राहून चक्क ढग रंगवत होता. रंग इतके ताजे, रेघ इतकी खट्याळ, की ती ताईची आहे हे डोळे मिटूनही कळलं असतं. मापारीण बघतच राहिली. ताई अजून ताईच आहे, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

मग तिला कळलं की आपण बसलोय ते दार बघायला, आणि दार दिसत नाहीये. ते या चित्राच्या मागे आहे.

भिंत उलट्या बाजूला लागली होती. काय झालं ते तिच्या लगेच लक्षात आलं. तिने समोरून दिसणारा देखावा काढून दिला होता, वाटेवरून चालणाऱ्याला दिसेल तसा. पण भाऊजी जन्मभर दुकानात आत बसून बाहेर बघत आलेले. त्यांनी तो आराखडा आपल्या बैठकीवरून वाचला. येणाऱ्याचा डावा हात त्यांना आपला डावा हात वाटला.

"काका," तिने हळूच विचारलं, "तुम्ही टेबल पुढे का घेतलं होतं?"

चाळणीवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा उतरवला. "नाही, काही नाही. दारातून येणाऱ्याला जरा तरी दिसावं म्हणून. पण तसं काही अडत नाही हो. चित्र छान आहे. बसल्या बसल्या बघायला होईल."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमच्या बहिणीचा स्टॉल आहे ना? त्याच म्हणाल्या." एवढं बोलून ते चाळण्या पुसायला लागले, ज्या आधीच स्वच्छ होत्या.

मापारीण उठली. तिचे कान तापले होते. ज्या भिंतीमुळे हा माणूस पुढे सरकला ती भिंत तिच्या घरची, आणि नियम दाखवून तिने मागे ढकललं ते ह्याला.

कोपऱ्याच्या स्टॉलमध्ये ताई स्टुलावर उभी राहून ढगाला शेवटचा हात देत होती. भाऊजींनी मेव्हणीला बघितलं आणि खाली वाकून उगाच एक घट्ट असलेला बोल्ट आवळायला घेतला. आपली चूक त्यांना हॉलवर येताक्षणीच कळली होती, हे त्यावरूनच उघड झालं. भिंतीच्या दाराकडच्या कच्च्या बाजूवर त्यांनी एक चादर टांगून ठेवली होती.

"आलीस?" ताईचा चेहरा नुसता फुलला होता. "बघ. आता बघ. सांग, कशी आहे?"

"ताई, फार सुंदर आहे."

"मग अशी का उभी आहेस, मामलेदारासारखी?"

"भिंत दाराच्या बाजूला आली आहे. ती बाजू उघडी ठेवायची असते."

"माहितीये. हे म्हणाले मघाशी. म्हटलं, लावा तशीच. काय मोठं आकाश कोसळतंय? चादर टाकलीये, कच्चं दिसत नाही."

"काकांना दार दिसत नाही. दाराला काका दिसत नाहीत."

"ते तर काही म्हणाले नाहीत."

"तू माझं नाव सांगितल्यावर कसे म्हणतील?"

ताई स्टुलावरून उतरली. ब्रश तिने डब्यात ठेवला, अगदी हळू, आवाज न करता. ती ओरडली असती तर धाकटीला सोपं गेलं असतं. "मग काय करायचं म्हणतेस?"

"चार फुटांवर कापायची, नाहीतर उचलून त्या बाजूला न्यायची."

"कापायची? आधी माझा हात काप."

"मग तिकडे नेऊ."

भाऊजी पहिल्यांदाच बोलले. "नेता येईल. पण ही डाव्या पायातल्या बुटासारखी आहे, उजव्या पायात जात नाही. फिरवून लावली तर उंच टोक पुढे येणार. ते तुमच्या नियमात नाही. न फिरवता सरकवली तर चित्र शेजारच्या पार्टिशनला चिकटणार, आणि आत आपल्याकडे कच्चा प्लाय."

म्हणजे चित्र कुणालाच दिसणार नव्हतं. तिघांनाही ते एकदमच समजलं.

एवढ्यात समोरून मिक्सरवाला कापलेल्या कमानीचा तुकडा हातात घेऊन आला आणि कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाला, "चालायचंच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं."

हॉलचे मोठे साहेबही फेरी मारत तिथे पोचले. साहेब मनाने चांगले होते. त्यांनी चित्र पाहिलं, दोघी बहिणींचे चेहरे पाहिले आणि मापारणीला बाजूला घेतलं. "मॅडम, राहू द्या. इतकी वर्षं तुम्ही कुणाकडून काही मागितलं नाही. एक भिंत हॉलकडून तुम्हाला भेट समजा. चाळणीवाल्यांना मी पुढच्या वर्षी चांगली जागा देतो."

साहेबांनी हे मनापासून म्हटलं होतं, म्हणूनच ते जड गेलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. तिने चाळणीवाल्यांकडे बघितलं. ते इकडे पाठ करून बसले होते, ऐकू येत असूनही ऐकू येत नसल्यासारखे.

"साहेब," ती म्हणाली, "भेट तुम्ही देताय, पण देताय ती त्यांची वस्तू. मला कशी घेता येईल?"

साहेबांनी मान हलवली आणि ते पुढे गेले.

ताई तिच्याकडे बघत होती. "तुझ्या शिक्षणासाठी मी जे सोडलं," ती म्हणाली, "ते मी कधी बोलून दाखवलं नाही. आज पण नाही दाखवणार." आणि ती हॉलमधून निघून गेली, हातपाय धुवायला जावं तशी, मागे न बघता.

मापारणीने गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात टाकलं आणि भाऊजींना म्हणाली, "पाना द्या."

दोघांनी बोल्ट सोडायला घेतले. चाळणीवाल्यांनी ते पाहिलं आणि तेही बाह्या सारून आले. भिंत भारी होती. तिघांनी ती उचलली, डगमगत उचलली, आणि तिकडच्या बाजूला नेताना मापारीण सारखी म्हणत होती, "रंग सांभाळा, रंग ओला आहे." ढगाचा एक कोपरा तिच्या बाहीला लागलाच. भिंत पार्टिशनला टेकली आणि ती दिवा बदलणारी बाई, ती पाय हलवणारी पोरं, सगळं अंधारात गेलं. भाऊजींनी एकेक खुंटी काढून कच्च्या बाजूने ठोकली आणि त्यांवर शिड्या टांगल्या. सदरा उलटा घालून बाहेर पडावं तसा स्टॉल दिसत होता.

दाराकडची बाजू मात्र सताड उघडी झाली. मापारीण चाळणीवाल्यांच्या खुर्चीत जाऊन बसली, तिने बघितलं, आणि खडूने त्या स्टॉलसमोर आपली रोजची बरोबरची खूण केली. मग भाऊजींच्या स्टॉलसमोरही केली. दोन्ही खुणा सारख्याच आकाराच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई येईल की नाही याचा भाऊजींनाही भरवसा नव्हता. पण ती आली, चांगली साडी नेसून, ताठ मानेने. धाकटीकडे मात्र तिने बघितलं नाही. बोलायचं झालंच तर नवऱ्यामार्फत.

"सांगा तुमच्या मेव्हणीला, आमचा पंखा चालत नाहीये."

"ताई, मी इथेच उभी आहे."

"सांगा तिला, मला दिसतंय ती कुठे उभी आहे ते."

भाऊजी बिचारे दोघींच्या मधे, स्वतःच्याच शिडीच्या बिजागरीसारखे. ते दर वेळी खरोखरच निरोप सांगत. "ती म्हणते पंखा चालत नाहीये." मापारीण वायरमनला पाठवी. निरोप पोचला की ताई म्हणे, "सांगा, आभारी आहे." पुढचे दोन दिवस हेच. एकदा तर भाऊजी स्टॉलवर नव्हते तेव्हा ताईने निरोप चाळणीवाल्यांमार्फत दिला, आणि त्यांनी तो इतक्या गंभीरपणे पोचवला की मापारणीला तोंड फिरवावं लागलं.

गिऱ्हाइकं आली. तुफान गर्दी झाली असं नाही, पण दोन्ही बाजूंनी मोकळ्या स्टॉलमध्ये माणसं सहज आत वळत. भाऊजींनी शिड्या टांगलेल्या ठेवल्याच नाहीत. एकेक उतरवून ते वाटेकडे तोंड करून उघडत आणि येणाऱ्याला म्हणत, "चढा. नाचा हवं तर." एक पोक्त रंगकाम-ठेकेदार खरंच चढला आणि वर उभा राहून त्याने बायकोला फोन लावला. त्याने शिड्या घेतल्या, आणि वर्कशॉपचा पत्ताही घेतला. जाता जाता त्याने कच्च्या प्लायवर हात फिरवून विचारलं, "काम राहिलंय वाटतं?" भाऊजी म्हणाले, "नाही. काम झालंय. मागे आहे." ठेकेदाराला काही कळलं नाही. ताईने मात्र ऐकलं आणि ती बराच वेळ शिड्यांवरची नसलेली धूळ झटकत राहिली.

चाळणीवाल्यांकडेही लोक येत होते. दारातून आत शिरलेला माणूस तिरका बघे तेव्हा त्याला आधी शिड्या दिसत, आणि शिड्यांच्या पायांमधून पलीकडे उन्हासारख्या चकाकणाऱ्या गोल चाळण्या. काही जण केवळ त्या चकाकीकडे यायचे. दुपारी चाळणीवाले ताईला म्हणाले, "तुमच्या शिड्यांतून माझं दुकान फार छान दिसतं म्हणे." ताई नुसतं "हं" म्हणाली. पण त्यानंतर एखादी शिडी मिटून आडवी राहिली की ती स्वतःच उठून ती उघडून ठेवू लागली.

मापारीण दर फेरीत त्या वाटेने जाई, आणि दर फेरीत तिला वाटे, आज थांबावं, बोलावं. काय बोलायचं ते मात्र ठरत नव्हतं. माफी मागावी तर भिंत हलवल्याची मागता येत नव्हती, कारण पुन्हा तसंच झालं असतं तर तिने पुन्हा हलवली असती. भिंत आपल्या चुकीनेही उलट्या बाजूला लागली, आपण भाऊजींना हॉलवर आणून जागेवर उभं करायला हवं होतं, एवढं खरं होतं. ते तिने भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "पोचवतो." ताईचं उत्तर आलं नाही.

शेवटच्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी होती. मापारीण दुसऱ्या टोकाला एका वायरीवरून वाद मिटवत होती, तेवढ्यात गर्दीतून वाट काढत, पदर खोचलेली, धापा टाकत ताई आली. तिने निरोप्या आणला नव्हता.

"अगं, तू इकडे काय करतेस?" ताई कडाडली. "तो मिक्सरवाला बघ जा. मोठा फलक उचलून वाटेच्या मध्यावर आणून ठेवलाय, चाळणीवाल्यांच्या अगदी तोंडासमोर. वर म्हणतो शेवटचा दिवस आहे, चालतं. काका गप्प बसलेत मुखदुर्बळासारखे. दिसत नाहीयेत ते कुणाला!"

मापारीण बघतच राहिली.

"माझ्याकडे काय बघतेस? टेप काढ. आणि आधी त्यांच्या खुर्चीत बसून बघ, नाहीतर तो म्हणेल दिसतंय की. मी बसून आलेय. काही दिसत नाही."

"येते," मापारीण म्हणाली.

"येते काय, चल," म्हणत ताईने तिचं मनगट धरलं आणि गर्दीतून ओढत तिला घेऊन निघाली.